आत्याचा तांदूळ आणि मणिकर्णचं पाणी

दिवस पहिला : दसरा

आत्याची बॅग उचलली तेव्हाच संशय आला. गुडघ्याचे दोन पट्टे, तीन स्वेटर, मेतकुटाची बाटली, तुपाचा डबा एवढं धरूनही वजन जास्त होतं. उघडून बघितलं तर तळाला जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो तांदूळ.

"अगं आत्या, हिमाचलात तांदूळ मिळतो."

"मिळत असेल. पण तिथलं पाणी मला नवीन. तांदूळ तरी ओळखीचा असू दे."

या सहलीचं मूळच मुळी तांदळात होतं. मणिकर्णला जमिनीतून येणाऱ्या पाण्यात भात शिजतो, असं कुणीतरी आत्याला सांगितलं आणि तिला ते पटलं नाही. आमचं गाव राजापूरजवळचं. लहानपणी ती उन्हाळ्याला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर, गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली बसून मोठी झाली. कोकणात असे झरे ठिकठिकाणी आहेत. तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीकडचं उन्हवरे आणि वर ठाण्याच्या बाजूला वज्रेश्वरी-गणेशपुरी. त्या पाण्यात अंग शेकतं, खरूज जाते म्हणतात, पण भात? "अंड्याचा बलकसुद्धा घट्ट व्हायचा नाही," असं तिचं ठाम मत.

सकाळी आपट्याची पानं वाटून पुण्याहून विमानाने दिल्ली, संध्याकाळी मनालीकडे जाणारी व्हॉल्वो. बसबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ड्रायव्हरने एसी इतका वाढवला होता की आत्याने तिन्ही स्वेटर दिल्लीतच अंगावर चढवले.

दिवस दुसरा : भुंतर, मणिकर्ण

पहाटे जाग आली ती बस अंधारात शिरली म्हणून. जवळजवळ तीन किलोमीटरचा औटचा बोगदा. बाहेर पडलो आणि बियास नदी शेजारून धावायला लागली. भुंतरला उतरलो तेव्हा साडेसात वाजले होते. इथे पार्वती नदी बियासला मिळते. संगमाच्या पुलावरून बघितलं तर दोन्ही पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगळे चालतात, मग मिसळतात.

भुंतर ते मणिकर्ण साधारण ३५ किलोमीटर. आमची वर जाणारी बस जवळजवळ रिकामी आणि समोरून येणाऱ्या बसगाड्या गच्च, टपावरसुद्धा सामान. कंडक्टर म्हणाला, सगळे कुल्लूला दसऱ्याला चाललेत. आपल्याकडे सोनं लुटून झालं की दसरा संपतो, कुल्लूचा त्या दिवशी सुरू होतो आणि पुढे सात दिवस चालतो. आत्याचा चेहरा उजळला. जाताना ते बघायचं, हे तिथल्या तिथे ठरलं.

रस्ता अरुंद. एका बाजूला डोंगर कापलेला, दुसऱ्या बाजूला खोल पार्वती. जरी नावाचं गाव गेलं, मग देवदारांची दाट राई आणि कसोल. तिथल्या पाट्यांवर हिब्रू अक्षरं, कारण इस्रायली तरुणांची इथे वर्षानुवर्षं ये-जा आहे. "ही मोडी आहे का गं?" आत्याने विचारलं. तिच्या आजोबांना मोडी यायची. मला दोन्ही येत नाहीत, त्यामुळे वाद झाला नाही.

कसोलहून चार किलोमीटरवर वळण संपलं आणि नदीच्या काठावरून वाफेचे लोट वर जाताना दिसले. लोटच. घरांच्या मधून, पायऱ्यांखालून, गुरुद्वाराच्या भिंतीला टेकून. उंची १७६० मीटर, हवा गार, त्यामुळे वाफ पांढरीशुभ्र आणि जाड. खालून पार्वती बर्फाचं पाणी घेऊन आदळत, आपटत चाललेली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर खडकातून कढत पाणी उसळतंय. पुलावर उभं राहिलं की डाव्या गालाला गारवा लागतो आणि वारा फिरला की उजव्याला वाफ.

आमच्या मुक्कामाच्या जागी "खोलीत थेट कुंडाचं पाणी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. नळ सोडला आणि हात भाजला. गार पाण्याचा नळ मात्र बंद होता आणि शेवटपर्यंत बंदच राहिला. उपाय पोऱ्याने सांगितला: रात्री बादली भरून ठेवायची, सकाळी अंघोळ करायची. गार पाणी येत नाही म्हणून हॉटेलात तक्रार करण्याची माझी ही पहिलीच वेळ.

दुपारी लगेच मोहीम सुरू. शिवमंदिराजवळच्या कुंडाला लोखंडी कठडा आहे आणि त्याला दोऱ्याच दोऱ्या बांधलेल्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला पाण्यात एक कापडी पुरचुंडी. पाणी मधोमध फुगून वर येतं आणि फुटतं. अगदी चुलीवरच्या भांड्यासारखी उकळी, फक्त खाली जाळ दिसत नाही. कडेच्या दगडांवर पांढरट-पिवळी पुटं चढलेली. आत्या वाकून वास घेत राहिली. उन्हाळ्याच्या पाण्याला गंधकाचा वास असतो, तो इथे जवळजवळ नाही, हे तिने आधी नोंदवलं. मग उकळीकडे बघत बराच वेळ गप्प.

शेजारच्या दुकानात तांदळाच्या आणि हरभऱ्याच्या तयार पुरचुंड्या विकायला होत्या. आत्याने त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही. पंचाचा तुकडा फाडला, धुतलेले दोन मुठी तांदूळ घातले, करकचून गाठ मारली, दुकानवाल्या बाईंकडून दोरी घेतली आणि सोडली पुरचुंडी. "कितना टाइम लगता है चावल को?" बाई म्हणाल्या, "बीस-पच्चीस मिनट, अम्मा."

पंचवीस मिनिटांनी काढली तर चेंडूसारखी टणक. बाहेरून तांदळाची लापशी आणि मधला गोळा कच्चा, दाताखाली कणी. माझ्या मते आत्या मनातून खूश झाली. पण बाईंनी पुरचुंडी हातात घेऊन दाबली आणि हसल्या. "बहुत कस के बाँधा, अम्मा. चावल फूलेगा कहाँ?"

पासष्ट वर्षं भात रांधणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. रात्री गुरुद्वाराच्या लंगरमध्ये वरण-भात जेवताना ती एकदाच बोलली, "जागा ठेवायला हवी होती."

दिवस तिसरा : मणिकर्ण

पहाटे बादलीतल्या कोमट पाण्याने अंघोळ केली आणि गाव बघायला निघालो. गाव म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंना रुद्राक्ष, शाली, पेढे, पोस्टर यांची दुकानं, आणि मध्येच एखादं जुनं लाकडी घर, ज्याच्या गच्चीवर मक्याची कणसं वाळत घातलेली. पायाखालची फरशी काही ठिकाणी चटके देते. तिथे फळ्या टाकल्यात किंवा पोती अंथरलीत. एका ओसरीची फरशी मात्र नेमकी सोसवेल इतकी गरम होती आणि तिच्यावर गावातल्या चार म्हाताऱ्या पाय पसरून विणकाम करत बसल्या होत्या. आत्या पाचवी झाली. पुढचे दोन तास मी एकटीच फिरले.

या पाण्याच्या दोन गोष्टी सांगतात. शंकर-पार्वती इथे राहत असताना पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात पडला, तो शेषाने पाताळात नेला. शंकर कोपल्यावर शेषाने असा फूत्कार टाकला की पाणी उसळलं आणि त्याबरोबर मण्यांची रासच वर आली. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपापर्यंत इथल्या पाण्यातून खडे वर यायचे, असंही लोक सांगतात. दुसरी गोष्ट गुरु नानकांची. बरोबरच्या भाई मर्दानांना भूक लागली, पीठ होतं पण विस्तव नव्हता. गुरूंनी दगड उचलायला सांगितला तर खाली कढत पाणी. मर्दानांनी लाटलेल्या रोट्या त्यात सोडल्या आणि त्या बुडाल्या. "देवाच्या नावाने दान करीन म्हण," गुरू म्हणाले. तसं म्हटल्यावर रोट्या शिजून तरंगत वर आल्या. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते, कारण तिच्यात पहिला घाणा बिघडतो.

खडकाचं म्हणणं वेगळं. डोंगरावर पडलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथे तापतं आणि क्वार्टझाइटच्या फटींतून पुन्हा वर येतं. भूशास्त्रज्ञांनी या खडकाला नावच मणिकर्ण क्वार्टझाइट असं दिलंय. सर्वांत कढत कुंडांचं तापमान ९० अंशांच्या वर जातं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, पण दर ३०० मीटर चढलं की साधारण एक अंश कमी होतो. म्हणजे या उंचीवर ९४ च्या आसपासच उकळी फुटते. तेव्हा "हे पाणी उकळतंय का नुसतं गरम आहे" या आत्याच्या प्रश्नाला उत्तर असं, की मणिकर्णच्या हिशेबाने ते उकळतंच आहे. एकेकाळी या उष्णतेवर ५ किलोवॉटचा प्रायोगिक वीजसंच आणि साडेसात टनांचं शीतगृहही चालवून बघितलं होतं. गरम पाण्यावर फ्रीज कसा चालेल, हे मी आत्याला गॅसवर चालणाऱ्या जुन्या फ्रिजचं उदाहरण देऊन समजावलं. तिने मान डोलावली, पण ती भातालाही आधी डोलावली नव्हती, म्हणजे काहीच सांगता येत नाही.

गुरुद्वारात लंगरचं रांधणं बघितलं. मोठाले हंडे झाकण लावून, वर फडकी बांधून कुंडात उतरवून ठेवलेले. दिवसभर वरण, भात त्यातच होतो. आपल्याकडे भांड्यात भांडं ठेवून शिजवतात तसं, फक्त बाहेरचं भांडं पृथ्वीचं. पोळ्या मात्र मी बघितल्या त्या तव्यावरच. आत "गरम गुंफा" नावाची एक ठेंगणी खोली आहे. वाकून शिरायचं, घाम फुटेपर्यंत बसायचं. माझा चष्मा क्षणात पांढरा झाला आणि मी बाहेर येताना एका सरदारजींच्या पायावर पाय दिला. ते "वाहेगुरू" म्हणाले, मी "सॉरी" म्हटलं.

या गावाच्या डोक्यावरच उभा कडा आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये वरून सुटलेल्या दरडीने गुरुद्वाराची इमारत फोडली, माणसं गेली. वाफेकडे बघत असताना मान वर करून कड्याकडेही बघितलं जातं, आणि मग पावसाळ्यात इथे यायचं नाही हे आपोआप ठरतं.

दुपारी राममंदिरात एका पुजाऱ्यांकडून कुल्लूच्या राजा जगतसिंहाची कथा ऐकली. याच खोऱ्यातल्या टिपरी गावच्या दुर्गादत्त नावाच्या ब्राह्मणाकडे मोती आहेत, असं कुणीतरी राजाचे कान भरले. राजाने ते मागितले. नसलेले मोती देणार कुठून? ब्राह्मणाने घराला आग लावून कुटुंबासकट जाळून घेतलं. त्यानंतर राजाला पानातल्या भातात किडे दिसू लागले, पाण्याच्या जागी रक्त. उतारा म्हणून अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवली, ती आधी इथे मणिकर्णला ठेवली, मग कुल्लूला नेली. हे १६५० च्या सुमाराचं. राजाने राज्य रघुनाथाच्या चरणी वाहिलं आणि कुल्लूचा दसरा तिथून सुरू झाला. आत्याने बाकी सगळं सोडून विचारलं, "भातात किडे म्हणजे तांदूळ नीट निवडला नव्हता का?" पुजारीबुवा हिंदी भाषांतराची वाट बघत माझ्याकडे बघत राहिले. मी भाषांतर केलं नाही.

चार वाजता दुसरा प्रयत्न. तांदूळ अर्धा तास भिजवलेले. पंचाचा मोठा तुकडा, पुरचुंडीत तिप्पट मोकळी जागा, गाठ अगदी टोकाला. दुकानवाल्या बाई स्वतः उठून आल्या आणि उकळीच्या ऐन मध्यावर नाही, थोडं कडेला कुठे सोडायची ते दाखवलं. मध्यावर पुरचुंडी गरगरत राहते आणि दाणा मोडतो, असं त्यांचं म्हणणं. आत्या कठड्याला धरून उभी. वाफेने तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं, तरी हलेना. बाविसाव्या मिनिटाला दोरी ओढली. पुरचुंडी मऊ, भरलेली, हातात धरवत नव्हती. दोन बोटांनी एक शीत काढून तिने चिमटीत दाबलं. दाबलं गेलं. अजून एक दाबलं.

देवळाच्या पायरीवर बसून गरम भात, तूप, मेतकूट. भाताला किंचित खारट-खनिज चव होती, मीठ न घालता. बाईंनाही पानावर वाढून दिला. त्यांनी मेतकूट चिमटीत घेऊन विचारलं, "ये कौन सा सत्तू है?" आत्याने डाळी, गहू, तांदूळ, हळद, जिरं असं सगळं मोजून सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी, आणि बाटलीच देऊन टाकली.

दिवस चौथा : खीरगंगा

आत्या म्हातारीमंडळात गरम फरशीवर. मी पहाटे सहाला टॅक्सीने बर्शैनी गाठलं. तिथे पार्वतीला तोशचा नाला मिळतो आणि तिथेच जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. इथून पाणी ३१ किलोमीटरहून लांब बोगद्यातून पलीकडच्या सैंज खोऱ्यात नेलंय. धरणाखालची नदी वरच्यापेक्षा बारीक दिसते, हे मला येताना कळलं नव्हतं.

पुलाशी कोल्हापूरच्या चार मुली भेटल्या, त्यांच्याबरोबर नकथानच्या वाटेने निघाले. नकथानमध्ये घरांच्या लाकडी सज्ज्यांवर गवताचे भारे आणि राजम्याच्या शेंगा वाळत होत्या. पुढे रुद्रनाग. धबधबा कातळावरून सापासारखा वळत उतरतो म्हणून हे नाव. त्यानंतरचा चढ देवदारांच्या आणि मुळांच्या जाळ्यातून, आणि तो निर्दय आहे. मी दर पन्नास पावलांवर "फोटो काढते" म्हणून थांबत होते. मुलींनी एकही फोटो बघायला मागितला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

साडेअकराला वर, जवळजवळ २९६० मीटर. कुरण, समोर बर्फाचे सुळके आणि वाफाळतं कुंड. कार्तिकेयाने इथे तप केलं आणि पार्वतीने त्याच्यासाठी खिरीची धार सोडली, अशी कथा. पाण्यात शेवाळासारखे पांढरे तंतू तरंगतात, तीच साय म्हणे. पाणी मणिकर्णसारखं भाजणारं नाही, अंगाला सोसेल असं.

आता तक्रार. पुरुषांचं कुंड उघडं. गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं आणि समोर हिमशिखरं बघायची. बायकांच्या कुंडाला चारी बाजूंनी भिंत. आडोसा हवा, मान्य. पण भिंत बांधणाऱ्याला डोंगराच्या बाजूने एक खिडकी सुचू नये? आम्ही पाच जणी पाण्यात बसून सिमेंटचा गिलावा बघत होतो. वर आभाळाचा चौकोन मात्र सुरेख निळा होता, आणि दुखऱ्या पोटऱ्यांना दृश्याची पर्वा नसते. दहा मिनिटांत पाय माझे मला परत मिळाले.

उतरताना गुडघे बोलायला लागले. मणिकर्णला पोचले तेव्हा अंधार पडला होता. आत्याने माझ्याकडे बघितलं, स्वतःचा एक गुडघ्याचा पट्टा काढून मला दिला.

दिवस पाचवा

काही केलं नाही. फरशीवर बसले. आत्याने आणखी दोनदा भात लावला, आता सवयीने, गप्पा मारत. एकदा तिने शेजारच्या पंजाबी कुटुंबाची घट्ट बांधलेली पुरचुंडी बघून स्वतः उठून सोडवली आणि सैल बांधून दिली. "फूलेगा कहाँ?" असं ती त्यांना म्हणाली.

दिवस सहावा : कुल्लू आणि परत

निघताना उरलेला तांदूळ आत्याने दुकानवाल्या बाईंना दिला. त्यांनी वर्तमानपत्राच्या पुडीत घरच्या शेतातला राजमा बांधून दिला, लालभडक, टपोरा.

भुंतरहून दहा किलोमीटरवर कुल्लू. ढालपूर मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सहावा दिवस म्हणजे मोहल्ला, त्या दिवशी खोऱ्याखोऱ्यांतले देव रघुनाथाच्या छावणीत भेटीला येतात. एकेक देव खांद्यावरच्या रथात, चांदीचे मुखवटे, रेशमी वस्त्रं, पुढे लांबलचक करनाळी आणि ढोल. रथ सरळ चालत नाही. झुकतो, डोलतो, मध्येच एका बाजूला धावत सुटतो, आणि खांदेकरी त्याच्याबरोबर फरफटतात. देव नेईल तिकडे जायचं. दोन देव समोरासमोर आले की रथ वाकून एकमेकांना टेकतात.

"शिमग्यातली पालखी," आत्या म्हणाली. राजापुराकडे ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवतात, ती अशीच ओढ घेते. तिने पदर खोचला, चप्पल काढली आणि गर्दीत हात जोडून उभी राहिली. एका रथाने आमच्या बाजूला झेप घेतली तेव्हा मी मागे सरकले. ती नाही सरकली. पुढ्यातून रथ गेल्यावर तिने वळून विचारलं, "आपली पिशवी कुठाय?" पिशवी माझ्याकडेच होती. राजमा शाबूत होता. जपानी फळं घ्यायची आत्याची इच्छा होती, टोमॅटोसारखी केशरी, सगळीकडे विकायला होती. एक किलो घेतली, बसमध्ये दोन फुटली आणि माझ्या स्वेटरवरचा डाग अजून गेलेला नाही.

पुण्याला येऊन आठवडा झाला असेल, सकाळी चिपळूणहून आत्याचा फोन. राजमा रात्रभर भिजवून कुकरला लावला होता.

"पाच शिट्ट्या झाल्या गं. अजून कणी आहे."

"आणखी दोन काढ."

"काढते." मग थोडा वेळ नुसता कुकरचा आवाज. "त्या बाईंना विचारायचंच राहिलं बघ, कुंडात याला किती वेळ लागतो."